तेल कुठं गेलं?

सीकरहून जयपूरला परतताना चौमूं चार-पाच किलोमीटरवर राहिलं असेल, तेव्हा गाडीच्या पोटातून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. हर्षालीला आधी वाटलं, शेजारून जाणाऱ्या ट्रॅक्टरचा असेल. ट्रॅक्टर मागं पडला, आवाज मात्र सोबतच राहिला.

"थांबव गाडी," शेजारी बसलेले तिचे सासरे म्हणाले. त्यांना सगळे बापूच म्हणत. एकतीस वर्षं एस.टी.च्या कराड डेपोत मेकॅनिक, शेवटची सहा वर्षं हेड मेकॅनिक. "बंद कर. आत्ताच्या आत्ता."

"बापू, चौमूं आलंच आहे. तिथं एखादं गॅरेज बघू की."

"आगं, बंद कर म्हणतोय न्हवं!"

मागच्या सीटवर तिची बारा वर्षांची मुलगी शमिका व्हॉलीबॉलचा सामना हरून आडवी झाली होती. आजोबांचा आवाज चढलेला ऐकून ती उठून बसली. हर्षालीनं आरशात बघितलं, मागून ट्रक येत होते. थोडं पुढं मोकळी जागा दिसत होती, तिथं घेऊ या, असं म्हणून तिनं गाडी आणखी थोडी रेटली. जेमतेम अर्धा किलोमीटर. मग आतून एकदाच काहीतरी आदळल्यासारखं झालं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं आणि गाडी आपल्याच वेगानं घरंगळत एका बंद ढाब्यासमोर जाऊन थांबली.

बापू खाली उतरले. बॉनेट उघडलं, तेल बघायची पट्टी उपसून काढली, रुमालानं पुसली, परत घातली, परत काढली. पट्टी कोरडी होती. तळाशी काळपट डाग सोडला तर काही नाही.

"तेलच न्हाई," ते म्हणाले. जे दिसत होतं ते त्यांना पटत नसावं, अशा आवाजात.

चौमूंहून गिरधारीजी नावाचा एक मेकॅनिक आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं पाना लावून इंजिन फिरवायचा प्रयत्न केला, ते हललं नाही. मग गाडीखाली झोपला, टॉर्च मारून सगळीकडे बघितलं, बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, इंजन तो बैठ गया. पर लीकेज कहीं नहीं है."

"मग तेल गेलं कुठं?" हर्षालीनं मराठीतच विचारलं, आणि तिच्या लक्षातही आलं नाही. गिरधारीला प्रश्न कळला. त्यानं खांदे उडवले. हे मॉडेल तेल पितं, म्हणाला. अशा दोन-तीन गाड्या त्यानं बघितल्या होत्या. आतल्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेल पेट्रोलबरोबर जळून जातं, थेंबसुद्धा खाली पडत नाही.

बापूंनी मान हलवली, पण ती होय म्हणून की नाही म्हणून, ते हर्षालीला कळलं नाही.

*

हर्षाली खातीपुऱ्यातल्या एका शाळेत गणित शिकवायची. नवरा संभाजी फौजेत नायब सुभेदार होता, सध्या डोंगरातल्या एका चौकीवर. कुटुंबाला सोबत नेता येत नाही अशा ठिकाणी बदली झाली, तेव्हा शमिकाची शाळा मोडू नये म्हणून घर जयपूरलाच राहिलं. सासूबाई, शकुंतलाबाई, दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि बापू साताऱ्याकडचं घर बंद करून इकडं आले.

गाडी पाच वर्षांपूर्वी घेतलेली. तीन वर्षांची वॉरंटी, वर पैसे भरून आणखी दोन वर्षं वाढवलेली. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये ती टो करून नेली, तेव्हा सर्व्हिस सल्लागार नंदकिशोर यांनी गाडीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला, पडद्याकडे बघत राहिले आणि हळहळून म्हणाले, "अरे मॅडम, उन्नीस दिन!"

"म्हणजे?"

वॉरंटी संपून एकोणीस दिवस झाले होते.

इंजिन दुरुस्त होणार नाही, आख्खं बदलावं लागेल, असं त्यांनी सांगितलं आणि अंदाजाचा कागद पुढं केला. हर्षालीनं तळाचा आकडा वाचला आणि कागद पालथा घातला.

"सप्टेंबरमध्ये तुम्हीच सर्व्हिसिंग केलंय. तेल तुम्हीच भरलंय. मग ते गेलं कुठं, हे तुम्ही मला सांगायला नको?" तिनं हिंदीतून विचारलं.

नंदकिशोर हिंदीतच नम्रपणे म्हणाले, "भरलेलं होतं, मॅडम, याची नोंद आहे. नंतर काय झालं ते इंजिन खोलल्याशिवाय कसं सांगणार?" आणि इंजिन खोलायचेही पैसे पडणार होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती पुन्हा गेली. या वेळी मॅनेजर कौशिक भेटले. शांतपणे ऐकून घेणारा माणूस. ते म्हणाले, पाचही वर्षं सगळं सर्व्हिसिंग इथंच झालंय, वॉरंटी नुकतीच संपलीय, अशा वेळी कंपनी खर्चाचा बराचसा भाग उचलते. हक्क म्हणून नाही, जुनं गिऱ्हाईक म्हणून. "मी शिफारस करतो. तुम्ही फक्त हे भरून द्या."

तो एक पानाचा छापील कागद होता. खाली सही. कौशिक यांनी मजकुराचा अर्थ सांगितला तो असा, की गाडीच्या इंजिनवर मी बाहेर कुठंही, कुणाकडूनही, कसलंही काम करून घेतलेलं नाही.

हर्षालीनं पेन हातात घेतलंच होतं. त्यात लपवण्यासारखं काय होतं? पण तिची एक सवय होती, परीक्षेच्या पर्यवेक्षणातून लागलेली. वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि वाचायला चष्मा लागायचा. चष्मा शाळेत राहिला होता. "उद्या आणून देते," ती म्हणाली.

*

घरी आल्यावर तिनं पहिल्यांदा पार्किंगची जागा बघितली. फरशीवर तेलाचा डाग नव्हता. गुडघ्यावर बसून बोट फिरवलं, बोटाला फक्त धूळ. मग संभाजीची मोटरसायकल झाकून ठेवली होती तिकडं सहज नजर गेली. तिच्यामागं, जुन्या कूलरच्या आडोशाला, पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन होता. झाकण घट्ट लावलेलं. उचलला तर निम्म्यापेक्षा थोडा कमी भरलेला. उघडला, आणि काळ्या, वापरलेल्या तेलाचा वास आला.

तिनं झाकण पुन्हा घट्ट लावलं. मग वर जाऊन शमिकाला विचारलं.

"वो? ते आजोबांनी काढलं ना," शमिका वहीतून डोकं वर न काढता म्हणाली.

"कशातून? कधी?"

"गाडीतून. मतलब... मला वाटतं गाडीतून. ते खाली झोपले होते. मी विचारलं तर म्हणाले, तेल बदलतोय. थंडी होती तेव्हा. जानेवारी? मम्मी, पक्का माहीत नाही मला."

"खाली म्हणजे गाडीच्या खाली की मोटरसायकलच्या बाजूला?"

शमिका विचारात पडली. "दोन्ही तर बाजूबाजूलाच असतात."

बापू गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. हर्षालीनं त्यांना चहा दिला, आपलाही कप घेऊन समोर बसली. कसं विचारावं ते कळेना. शेवटी सरळच विचारलं.

"बापू, तुम्ही आपल्या गाडीचं तेल काढलं होतं का?"

"काढलं की," बापू म्हणाले. "काळं पडलं हुतं. सप्टेंबरातलं तेल जानेवारीत काळं पडतंय म्हंजे काय? म्या म्हटलं, ह्या लोकांच्या हातात काय दम न्हाई."

"आणि नवीन भरलंत?"

"भरलं तर. तेल काढून कोण गाडी तशीच ठेवतंय व्हय?"

"कुठनं आणलंत नवीन तेल?"

बापूंनी कपातला चहा बघितला. "डेपोतनं."

हर्षालीनं कप खाली ठेवला. डेपो कराडला होता. बापू रिटायर होऊन सोळा वर्षं झाली होती.

तिच्या बोलण्याची वाट बघून तेच म्हणाले, "न्हाई, डेपोतनं कसं... डेपो कुठं हितं." आणि हसले. पण हसता हसता त्यांचा चेहरा असा झाला, जणू एखाद्या जिन्याची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी. "तू जरा थांब. मला आठवू दे."

ती थांबली. बापूंना आठवलं नाही. त्यांनी विषय बदलून शमिकाच्या सामन्याचं विचारलं, दहा मिनिटांपूर्वी विचारलं होतं तसंच, त्याच शब्दांत. यापूर्वीही असं झालं होतं का? झालं होतं. दूधवाल्याला दोनदा पैसे दिले होते. परवा त्यांनी तिला शकुंतला म्हणून हाक मारली होती. म्हातारपण म्हणून तिनं सोडून दिलं होतं. आता ते सगळं एका ओळीत उभं राहिलं.

संध्याकाळी संभाजीचा फोन आला. चौकीवरच्या फोनवर बोलणं नेहमी अर्धवटच व्हायचं, म्हणून तिनं घाईनं कॅनचं, बापूंचं आणि त्या कागदाचं सांगितलं.

"कॅन? कूलरच्या मागं?" तो म्हणाला. "अगं तो माझा असेल. दिवाळीच्या सुट्टीत मोटरसायकलचं तेल बदललं होतं ना मी."

"तेवढंच निघतं का मोटरसायकलचं?"

"दोन-सव्वादोन लिटर. पण थांब, तो मी भंगारवाल्याला दिला होता. दिला होता का? द्यायचा राहिला वाटतं... हर्षा, तू सही करून टाक. घरात तेल काढलं की नाही तेच माहीत नाही, तर बाहेर काम केलं असं कोण म्हणणार? कागद खोटा होतच नाही."

"पण खरा होतो का?"

तिकडून खरखर आली आणि फोन तुटला.

ती वही घेऊन बसली, जसं वर्गात बसायची. गाडीत साडेतीन लिटर तेल मावतं. कॅनमध्ये दोनच्या आसपास. बापूंनी काढायला सुरुवात केली असेल आणि कुणी चहाला हाक मारली म्हणून मध्येच बोल्ट लावून टाकला असेल, तर दीड लिटर आत उरलं. तेवढ्यावर गाडी शाळा-बाजार करत राहिली असती आणि सीकरच्या लांब रस्त्यावर बसली असती. जुळत होतं. कॅन मोटरसायकलचा असेल आणि गिरधारी म्हणतो तशा रिंगा झिजल्या असतील, तरीही जुळत होतं. वर्कशॉपनं सप्टेंबरमध्ये कमीच तेल भरलं असेल, तरीही. एकाच गणिताची तीन उत्तरं येत होती आणि तिन्ही ताळा केल्यावर बरोबर येत होती.

आणि चौथी गोष्ट तिनं वहीत लिहिलीच नाही. गेले आठ-दहा दिवस खातीपुरा स्टेशनच्या वळणावर गाडी वळवताना डॅशबोर्डवर तेलाच्या खुणेचा एक लाल दिवा क्षणभर लागायचा आणि विझायचा. तिला वाटायचं, ऊन पडल्यामुळं तसं दिसत असेल. हे तिनं संभाजीलाही सांगितलं नव्हतं.

*

शेवटी पैसे भरून इंजिन खोलायचं ठरलं, त्या दिवशी बापू सकाळी सातलाच तयार होऊन बसले. पांढरा शर्ट, खिशात पेन. "म्या येणार," एवढंच म्हणाले. हर्षालीला त्यांना नेऊ नये असं वाटत होतं, आणि घरी एकटं ठेवावं असंही वाटत नव्हतं. पर्समध्ये तो छापील कागद होता. सही अजून केलेली नव्हती.

वर्कशॉपमध्ये इंजिन एका टेबलावर उताणं ठेवलेलं होतं. तेल साठतं ते खालचं चेंबर काढलं, तसे बापू पुढं सरकले. त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी खिशातलं पेन काढून क्रँककडं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याकडं, दाखवलं. एका ठिकाणी लोखंड निळं-जांभळं झालं होतं. "हे बघा. हितं जळालं. बेअरिंग पुसून गेलंय. तेल पोचलं न्हाई, दुसरं कायबी कारण न्हाई." मग त्यांनी बोटाच्या चिमटीत चेंबरमधला गाळ घेतला, चोळला. त्यात चांदीसारखे कण चमकत होते. "आवाज आल्याबरोबर बंद केली असती तर क्रँक वाचला असता."

हर्षालीनं मान खाली घातली. ते तिला उद्देशून बोलले नव्हते. ते डेपोतल्या माणसांना सांगावं तसं बोलत होते, स्वच्छ, न अडखळता, आणि मराठी न कळणारे तिथले दोन मेकॅनिक माना डोलवत ऐकत होते. नंदकिशोर आणि कौशिकही जवळ येऊन उभे राहिले. तिला वाटलं, या माणसाला काही झालेलं नाही. आपणच उगाच घाबरलो.

तेवढ्यात बापू सरळ झाले आणि कौशिककडं बघून म्हणाले, "साहेब, ह्या गाडीचं तेल म्या काढलं हुतं."

नंदकिशोरनी हर्षालीकडं बघितलं. "तेल का कुछ बोल रहे हैं बाबूजी?"

बापू पुढं म्हणाले, "काढलं, एवढं ध्यानात हाय. भरलं का न्हाई, ते मातूर येत न्हाई. आन् हीच गाडी हुती का दुसरी, तेबी आता... तू सांग त्यास्नी, हर्षाली. तुला हिंदी चांगलं येतंय."

ते तिच्याकडं विश्वासानं बघत होते. कुणालाही काही कळलं नव्हतं. "बाबूजी म्हणतात, तेल चांगलं नव्हतं," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिनं मनातल्या मनात ते हिंदी वाक्य तयारही केलं. पण बापू तिच्या तोंडाकडं बघत होते. हिंदी त्यांना बोलता येत नसली, तरी दोन वर्षांत कळायला लागली होती.

तिनं सांगितलं. बापूंना तेल काढल्यासारखं वाटतंय, पण भरल्याचं आठवत नाही, आणि गाडी कोणती तेही नक्की नाही, असं सगळं. आणि सांगायला लागलीच होती म्हणून लाल दिव्याचंही सांगितलं. आवाज आल्यावर अर्धा किलोमीटर गाडी चालवली, तेही. आपण असं का करतोय, तिचं तिलाच कळत नव्हतं. बापूंना एकट्यानं उभं राहू द्यायचं नाही म्हणून, की खरं बोलायचं म्हणून?

कौशिकनी टेबलावरच्या इंजिनकडं पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, हे तुम्ही नसतं सांगितलं तरी..." आणि वाक्य सोडून दिलं. "मी आहे तसं लिहून पाठवतो. पण आशा ठेवू नका."

आठ दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळींचं, नकाराचं.

*

गाडी पुन्हा टो होऊन चौमूंला गेली. नवं इंजिन परवडणारं नव्हतं, गिरधारी जुनंच बांधून द्यायला तयार झाला. क्रँक घासून, नवी बेअरिंगं घालून. तीन आठवडे लागले. रविवारी हर्षाली बापूंना घेऊन बसनं चौमूंला जायची. गिरधारी त्यांना स्टूल द्यायचा आणि कामाला लागायचा. दोघांना एकमेकांची भाषा अर्धीच कळायची, तेवढी पुरत होती. बापू कोणता बोल्ट आधी आवळायचा ते बोटानं दाखवायचे आणि गिरधारी तसा आवळायचा. कधी बापू त्याला कराडच्या कुठल्यातरी माणसाच्या नावानं हाक मारायचे. गिरधारी ओ द्यायचा.

रिंगा काढल्या तेव्हा त्यानं त्या हर्षालीच्या हातावर ठेवल्या. "ये भी घिसी हुई थी, मॅडम."

"म्हणजे तेल गाडीच प्यायली?"

"थोडा-बहुत पीती होगी." पूर्ण तेल संपवण्याइतकं? ते त्याला सांगता येईना.

मिलिटरी हॉस्पिटलमध्ये मेजर प्रणाली नावाच्या डॉक्टर होत्या, नागपूरकडच्या. त्यांनी बापूंशी मराठीत गप्पा मारल्या, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं विचारले. बापूंनी दोन सांगितले. स्कॅन झाले. मग डॉक्टरांनी हर्षालीला आत बोलावून आजाराचं नाव सांगितलं, औषधं सांगितली, आणि यापुढं त्यांना फार वेळ एकटं ठेवू नका म्हणाल्या.

हर्षालीनं विचारलं, "जानेवारीत त्यांनी असं केलं असेल का? तेल काढून भरायचं विसरले असतील?"

"असतीलही," डॉक्टर म्हणाल्या. "किंवा जुनी आठवण त्यांना आत्ताची वाटत असेल. तेही होतं. हे त्यांना कळणार नाही, आणि मलाही सांगता येणार नाही."

संभाजीनं घराजवळच्या बदलीसाठी अर्ज केला. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं एकदाच विचारलं, "नक्की काय झालं होतं गं?" हर्षालीनं त्याला सगळं सांगितलं, लाल दिव्यासकट. तो काही वेळ मोटरसायकलकडं बघत बसला. कॅन दिला होता की नाही, हे त्यालाही अजून आठवत नव्हतं.

गाडी घरी आणायला हर्षाली बापूंसोबत गेली. नवं बांधलेलं इंजिन, पहिले हजार किलोमीटर साठच्या वर न्यायचं नाही, असं गिरधारीनं बजावलं होतं. सीकर रोडवर सगळे ट्रक तिला मागं टाकून जात होते, काही हॉर्न वाजवत. बापू खिडकीला कान लावल्यासारखे बसले होते.

"कुणाची गं ही गाडी?" त्यांनी विचारलं.

"आपलीच, बापू."

"हां." त्यांनी काच थोडी खाली घेतली. "बरी चालती. इंजिन कुणी बांधलंय?"

"तुम्ही आणि गिरधारीजींनी."

बापूंनी तिच्याकडं बघितलं. ती चेष्टा करतेय का, ते ताडायचा प्रयत्न करत असावेत. मग पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. त्यांना पटलं की नाही, ते हर्षालीला कळलं नाही. तिनं काटा साठवर ठेवला आणि मागच्या ट्रकला हातानं पुढं जायची खूण केली.